यंत्राची नाडी

जुन्नर व आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातील दोन तालुके. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या पाण्यावर येथे उसाचे मळे डोलतात. जुन्नर तालुक्यात निवृत्तीनगर येथे विघ्नहर, तर आंबेगाव तालुक्यात पारगाव येथे भीमाशंकर, असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली, की गाळप हंगाम सुरू होतो. मग कारखान्याची चाके रात्रंदिवस फिरत राहतात.

ती मध्येच थांबली तर? तोडलेला ऊस कोणाची वाट पाहत नाही. तो वाळतो, त्याचे वजन घटते आणि त्यातील साखरही हळूहळू नासते. शेतकऱ्याचे कष्ट गाडीतच वाया जातात.

असा खोळंबा पुष्कळदा एखाद्या लहानशा भागामुळे होतो. बॉयलरला हवा पुरविणाऱ्या पंख्याचा दांडा बेअरिंगमध्ये फिरतो. तेथील वंगण कमी झाले, की पोलादी गोळ्या कड्यावर घासतात व कड्यास बारीक खळगा पडतो. त्यावरून जाताना प्रत्येक गोळीचा सूक्ष्म ठोका बसतो. पुढे ठोके वाढतात, बेअरिंग तापते आणि अखेर पंखा बंद पडतो. पंखा थांबला, की वाफेचा दाब उतरतो आणि दाब उतरला, की गाळप थांबते.

जाणता फिटर यंत्राला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाशी धरतो व आवाजावरून दुखणे ओळखतो. परंतु एकच माणूस सर्व यंत्रांपाशी अष्टौप्रहर कसा बसणार? याकरिता यंत्रांवर संवेदक बसविता येतात. ते कंपन व तापमान यांच्या नोंदी संगणकाकडे पाठवितात. निरोगी व बिघडत गेलेल्या यंत्रांच्या असंख्य जुन्या नोंदींवरून संगणक दोहोंतील भेद शिकतो. यासच ‘यंत्रशिक्षण’ म्हणतात. अमेरिकेतील आर्थर सॅम्युअल यांनी संगणकाला पटावरील एक खेळ शिकविला आणि १९५९ साली त्याविषयी लिहिताना ही संज्ञा वापरली.

नव्या नोंदींत बिघाडाची खूण दिसताच संगणक इशारा देतो. मग नवे बेअरिंग आधीच आणून, सोयीची वेळ पाहून दुरुस्ती करता येते.

तथापि संगणकही चुकतो. जे नोंदींत कधी आलेच नाही, ते त्याला ओळखता येत नाही. कधी तो निष्कारणच इशारा देतो. म्हणून फिटरने स्वतः यंत्र तपासावे लागते व काय आढळले ते लिहून ठेवावे लागते. ही नोंद खोटी असेल, तर संगणकही खोटेच शिकेल. शिष्य कितीही चपळ असला, तरी गुरूने दिलेला धडा खरा असावा लागतो.