दिंडोरीचं नाव बाटलीवर

घाटकोपर-मुलुंडच्या आमच्या बचत गटांत नाशिककडच्या बऱ्याच जणी आहेत. जानेवारी लागला की त्यांच्या माहेरून द्राक्षाच्या पेट्या येतात, आणि बोलणं हमखास वाइनवर जातं. कुणी म्हणतं ती दारूच, कुणी म्हणतं फळाचा रस. आज तेच समजून घेऊ.

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या शिराझ द्राक्षांपासून सुला कंपनी ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ नावाची लाल वाइन करते. गावाचं नाव बाटलीवर कशाला? फ्रान्समध्ये जुनी रीत आहे: चांगल्या मळ्याची द्राक्षं दुसऱ्या मळ्याच्या मालात मिसळायची नाहीत. माती, उतार, ऊन बदललं की चव बदलते. दिंडोरी हे एका मळ्याचं नाव नाही, तालुक्याचं आहे, पण विचार तोच. आपण नाही का देवगडचाच हापूस मागत? ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही आहे.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. हिवाळ्यात दिवसा ऊन, रात्री गारठा. उन्हानं द्राक्षात साखर भरते, गारठ्यानं आंबटपणा टिकतो. फ्रान्समध्ये थंडीत वेल झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून छाटणी दोनदा: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. काड्या बांधणं, शेंडे खुडणं, तोडणी ही कामं बहुतेक बायांच्याच हातची. बाटलीवर त्यांचं नाव कुठे नसतं, एवढं मी मध्येच बोलून घेते.

बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस फिकाच असतो, रंग सालीत. म्हणून लाल वाइनसाठी रस सालीसकट आंबवतात. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल तयार होतं, साधारण १२ ते १४ टक्के. तेव्हा हा रस नव्हे. अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. २०२२ च्या जानेवारीत राज्य सरकारनं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय घेतला, तेव्हा मोठा विरोध झाला. ज्या गावांनी मतदानानं बाटली आडवी केली, तिथल्या बायांचा राग मला समजतो.

पण ज्यांच्या घरी वाइनची बाग आहे, त्यांचा प्रश्न निराळा. २००१ च्या वाइन धोरणानंतर अनेकांनी या जाती लावल्या. २००८ नंतर मंदी आली, वाइनचा उठाव घटला, माल पडून राहिला, आणि कित्येकांनी बागा उपटल्या. खायचं द्राक्ष एका व्यापाऱ्यानं नाकारलं तर दुसरा घेतो. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं, ते बाजारात कोण घेणार? गिऱ्हाईक एकच, कंपनी. आणि वेल लावल्यावर चांगला माल यायला तीनेक वर्षं जातात, म्हणजे पैसा आधीच अडकलेला.

म्हणून घरात अशी बाग लावायचं चाललं असेल तर करार आधी वाचून घ्या. किलोचा भाव किती वर्षांसाठी ठरलाय? साखर कमी भरली तर किती कापणार? पैसे किती दिवसांत? माल नाकारला तर भरपाई काय? सातबाऱ्यावर तुमचंही नाव असेल, तर हे चारही कागदावर येईपर्यंत सही थांबवा.