देणगी की अभयाची किंमत?

जालना शहरातील मस्तगड १७२५ साली पहिल्या निजामाच्या आज्ञेने बांधला गेला. गडावर सत्ता आणि गडाखाली पेठ, ही आपल्याकडील जुन्या शहरांची सर्वसाधारण रचना. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ हा लौकिक त्या पेठेने मिळविला. मात्र पाळणा सोन्याचा असला तरी त्याची दोरी पेठेच्या हाती क्वचितच होती. निजामाची राजवट १९४८ साली संपली. आज तेथे पोलादाच्या भट्ट्या आहेत, बियाण्यांचा मोठा उद्योग आहे, धान्याचा आणि कापसाचा मोंढा आहे. तरीही गडाकडे पाहूनच तराजू उचलावयाचा, ही व्यापाऱ्याची सवय काही सुटलेली नाही. उद्योजक आणि भारतीय जनता पक्ष यांच्या संबंधांचा विचार आम्ही आज या सवयीच्या अनुषंगाने करू इच्छितो.

या पक्षाचा पूर्वावतार जो जनसंघ, तो १९५१ साली स्थापन झाला आणि महाराष्ट्रात ‘शेटजी-भटजींचा पक्ष’ म्हणून हिणविला गेला. या विशेषणात तथ्य अर्धेच होते. शहरांतील लहान दुकानदार व आडते यांचा त्यास आधार होता, हे खरे; परंतु मोठ्या थैल्या काँग्रेसच्याच दारी रित्या होत, कारण परवाने तिच्या हाती होते. एखादा पक्ष आवडणे निराळे आणि त्याला पैसा देणे निराळे, हे शेटजींना पुरते उमगलेले होते.

याची बोलकी साक्ष स्वतंत्र पक्ष देतो. राजाजी, मिनू मसानी प्रभृतींनी १९५९ साली तो काढला, तो परवान्यांच्या राज्याला उघड विरोध करण्यासाठी. जे. आर. डी. टाटा यांनी १९६१ साली पंडित नेहरूंस पत्र लिहून, आपण काँग्रेसबरोबर या पक्षासही साहाय्य करणार, असे निःसंकोच कळविले. आणि नेहरूंनीही त्यांचे हे स्वातंत्र्य मान्य केले. हा मोकळेपणा दोघांनाही शोभणारा होता. पण तसे करणारे उद्योगपती किती निघाले? लोकसभेत १९६७ साली ४४ जागा मिळविणारा तो पक्ष १९७१ साली ८ जागांवर आला आणि १९७४ साली दुसऱ्या पक्षात विलीन झाला. त्याच्या ऱ्हासाची कारणे अनेक असतील. परंतु ज्यांची बाजू तो मांडीत होता, त्यांतील बहुतेकांना सत्ताधाऱ्यांचा रोष पक्षाच्या विचारापेक्षा वजनदार वाटला, हे आमच्या मते त्यांतील एक होय.

न्यायासनाने या प्रश्नाकडे आधीच लक्ष वेधले होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी १९५७ साली टाटा पोलाद कंपनीच्या प्रकरणात, कंपन्यांच्या देणग्या उद्या लोकशाहीचाच गळा आवळतील, या आशयाचा इशारा दिला. पुढे १९६९ साली अशा देणग्यांवर बंदी आली; देणे थांबले नाही, ते चोरवाटेने जाऊ लागले. बंदी १९८५ साली उठली, तेव्हा मर्यादा आणि जाहीर नोंद यांचे बंधन होते. २०१७ साली तेही सैल झाले. नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा गेली आणि निवडणूक रोख्यांची योजना आली. दाता कोण, हे मतदारास कळू नये; रोखे मात्र सरकारी बँकेतूनच घ्यावेत! सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरविली. नंतर उघड झालेल्या आकड्यांवरून, एप्रिल २०१९ पासून पक्षांनी वटविलेल्या बारा हजार कोटींहून अधिक रकमेपैकी सुमारे निम्मी भारतीय जनता पक्षास मिळाली. पण केवळ पश्चिम बंगालमध्ये सत्ता असलेल्या तृणमूल काँग्रेसलाही सोळाशे कोटी मिळाले. पैसा विचाराच्या मागे गेला नाही, तो सत्तेच्या मागे गेला, असे म्हटल्यास चूक ती काय?

जालन्याचेच पाहा. तेथील लोकसभेची जागा १९९६ पासून २०२४ पर्यंत भारतीय जनता पक्षाकडे होती. या काळात २०१५ साली शुष्क बंदराची पायाभरणी झाली, समृद्धी महामार्ग आला. उद्योगाला हे हवेच होते. पण भट्टीच्या विजेचा दर, वस्तू व सेवा कराची आकारणी, कापसाच्या बियाण्याची कमाल किंमत या साऱ्यांच्या किल्ल्या सरकारकडेच आहेत; आणि आयकर खात्याने तेथील पोलाद उद्योगावर झडत्या घातल्या, त्याही २०२२ च्या ऑगस्टमध्ये, हाच पक्ष केंद्रात सत्तेवर असताना. कर चुकविणाऱ्याची गय होऊ नये, हे उघड आहे. परंतु ज्याच्या हाती किल्ल्या त्याच्याच हाती वर्गणीचे पावतीपुस्तक, अशा स्थितीत दिलेल्या पैशास स्वेच्छेची देणगी म्हणावयाचे कसे? २०२४ साली जालन्याच्या मतदाराने रावसाहेब दानवे यांना घरी बसवून काँग्रेसचे कल्याण काळे यांना निवडले. थैली सभामंडप उभारते. मत शेतकरी देतो. हे पक्षाने केव्हाच ओळखले आहे. शेटजींनी अद्याप नाही.

उद्योजकालाही मत आहे आणि आवडता पक्ष निवडण्याचा अधिकार आहे. शाळेत नागरिकशास्त्र शिकवीत असता आम्ही मुलांना हेच सांगत असू की, मत गुप्त असावे, कारण दुर्बलास संरक्षण हवे. धनवंताच्या देणगीस तो न्याय लावता येत नाही. तिचे बळ मोठे, म्हणून ती उजेडातच हवी. आमचे मागणे एवढेच की, मोठी देणगी स्वीकारताच पक्षाने दात्याचे नाव मतदानापूर्वी प्रसिद्ध करावे. आणि व्यापारी मंडळांनी आपली गाऱ्हाणी मंत्र्यांच्या दिवाणखान्यात कुजबुजण्याऐवजी सर्व पक्षांपुढे, आपल्या नावानिशी मांडावीत. असे केल्याने काही कंत्राटे जातील, काही साहेबांची मर्जी खप्पा होईल. पण पाळण्याची दोरी आपल्या हाती यावी, असे पेठेस खरोखर वाटत असेल, तर प्रथम गडाकडे वळलेली मान तिने सरळ केली पाहिजे.