टर्की येतो, पण थांबणाऱ्याकडे!

बालमित्रांनो, ‘स्टॅच्यू’चा खेळ तुम्ही खेळला असालच. किती वेळ न हलता राहता येतं? दोन मिनिटं? पाच? अमेरिकेच्या जंगलात मात्र काही माणसं तासन्‌तास अशी ‘स्टॅच्यू’ होऊन बसतात. कशासाठी? रानटी टर्कीच्या शिकारीसाठी!

टर्की हा मोर-कोंबडीच्या कुळातला मोठा पक्षी. रात्री झाडावर झोपतो, उजाडताच खाली उतरतो. वसंत ऋतूत नर ‘गॉबल-गॉबल’ असा पुकारा करतो. शिकारी जाड बुंध्याला पाठ टेकून बसतो आणि मादीचा आवाज काढतो.

आता गंमत बघा. एरवी नराची हाक ऐकून मादीच त्याच्याकडे जाते. इथं मात्र नरानं यायचं असतं! म्हणून तो दूरच थबकतो, पिसारा फुलवून वाट बघतो. मग एकदम गप्प होतो. नवशिक्याला वाटतं, ‘गेला वाटतं!’ तो उठतो, अंग झटकतो आणि मागच्या झुडपातून टर्की धूम ठोकतो. बिचारा गुपचूप जवळच येत होता! त्याची नजर इतकी तीक्ष्ण, की जराशी हालचालही त्याला दिसते.

हा धीर केवळ शिकार मिळावी म्हणून नसतो, बरं का. झुडपातून आवाज आला, की लगेच बंदूक चालवायची नाही. तो आवाज काढणारा दुसरा शिकारीही असू शकतो! असे अपघात घडलेले आहेत. म्हणून पक्षी नीट, स्पष्ट दिसेपर्यंत थांबायचं, हा पहिला नियम.

आणखी एक गोष्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे टर्की अमेरिकेच्या कितीतरी भागांतून नाहीसा झाला होता. झटपट उपाय म्हणून माणसांनी वाढवलेले पक्षी रानात सोडले. पण ते टिकेनात. मग 1950 च्या दशकात नवी युक्ती निघाली. रानात दाणे टाकायचे, लपून बसायचं, आणि थवा टप्प्यात आला की छोट्या तोफांनी त्याच्यावर जाळं फेकायचं. असे पकडलेले रानपक्षी दुसऱ्या जंगलांत सोडले. हे काम अनेक वर्षं चाललं. आज तिथं पुन्हा लाखो टर्की आहेत.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. पण तो धीर आपल्यालाही हवा. या रविवारी आई-बाबांबरोबर तळ्याकाठी जा. वीस मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. बगळा मासा कसा टिपतो ते बघा. आणि हो, ‘चला ना आता’ असं आधी कोण म्हणतं, तुम्ही की बाबा, तेही वहीत लिहून ठेवा!