यूपीएस आहे ना, मग लाव की मिक्सर!

बंगळूरच्या बनशंकरीत वळवाचा पाऊस कोसळला, एखादी फांदी तारेवर आली की करंट गेलाच. वीज कंपनीची, म्हणजे बेसकॉमची, माणसं येईपर्यंत घर चालतं ते जिन्याखालच्या यूपीएसवर. त्याच्याबद्दलचे गैरसमज मात्र बॅटरीपेक्षा जास्त टिकतात.

‘८५० व्हीएचा यूपीएस म्हणजे ८५० वॅट.’ नाही. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर हाती ६८० वॅटच लागतात. चटणीसाठी ७५० वॅटचा मिक्सर लावलात की ओव्हरलोडचा दिवा लागणारच.

‘१५० एएचची बॅटरी आहे, रात्रभर बघायला नको.’ इथे जरा हिशेब करू. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास, पण हे कागदावर. लेबलवर बारीक अक्षरांत ‘सी२०’ असतं. म्हणजे साडेसात अँपिअरने, सावकाश २० तासांत वापरली तरच ही क्षमता मिळते. एवढ्यावर जेमतेम ९० वॅट चालतात: एक पंखा, एक-दोन दिवे. तीच बॅटरी दोन-तीन तासांत उपसायला गेलात तर ती कमीच देते. शिवाय डीसीचा एसी करताना पंधरा-वीस टक्के वीज वाया जाते, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी दर वेळी तळापर्यंत नेली तर लवकर म्हातारी होते. तेव्हा हजारेक वॅट-तासच धरून चाला. दोन जुने पंखे (प्रत्येकी ७५ वॅट), ९ वॅटचे चार एलईडी आणि राउटर मिळून होतात सुमारे २०० वॅट. म्हणजे पाच तास. पंखे ३० वॅटचे बीएलडीसी असतील तर तीच बॅटरी नऊ तास पुरेल. माझं विचाराल तर मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला.

गीझर आणि इंडक्शनचा विषयच सोडा. २००० वॅटसाठी १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळपास २०० अँपिअर ओढावे लागतील. फ्रिज चालताना १००-१५० वॅटच घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट मागतो. लहान यूपीएस तिथेच मान टाकतो. त्यापेक्षा दार उघडू नका, फ्रिज साधारण चार तास गार राहतो.

‘गाडीची जुनी बॅटरी जोडली तरी चालतं.’ ती बनवलेली असते इंजिनाला काही सेकंद जोरदार धक्का देण्यासाठी; तासन्‌तास हळूहळू रिकामी होणं तिला मानवत नाही. म्हणूनच मोठ्या बोटींवर इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आणि दिवे-फ्रिजची वेगळी ठेवतात. घराला ट्युब्युलर घ्या. तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला. आरओचं पाणी नको, अ‍ॅसिड तर नकोच. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे बंद कपाटात किंवा देवघरातल्या समईजवळ ती ठेवू नका.

‘गच्चीवर सोलर आहे, आता करंट गेला तरी काय!’ साधं ऑन-ग्रिड सोलर लाइनबरोबरच बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. ते तसं मुद्दाम केलेलं असतं: तुमची वीज उलटी तारेत शिरली तर दुरुस्तीला चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. करंट गेल्यावरही पॅनेलवर घर चालवायचं असेल, तर बॅटरी जोडलेला हायब्रीड इन्व्हर्टर लागतो. कोटेशन घेतानाच तसं विचारा.