हरताळ आणि हायलायटर

जुन्या पोथ्या नकलणाऱ्या लेखनिकाचा हात चुकला, की तो चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा लेप देई. हरताळ हे पिवळे खनिज. लेप बसला की खालचे अक्षर झाकून जाई. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. सुटलेला शब्द मात्र काकपदाची खूण करून समासात लिहीत. म्हणजे पिवळा रंग खोडण्यासाठी आणि समास भर घालण्यासाठी. वर्गातल्या मुलांची पुस्तके चाळताना मला ही वाटणी हटकून आठवते.

मुले हायलायटर घेऊन बसतात आणि पान रंगवत जातात. मीही त्याच पंथातला. बी.ए.ची माझी पुस्तके मध्यंतरी माळ्यावरून काढली. एका पानावर निम्म्याहून अधिक ओळी पिवळ्या होत्या आणि त्या का रंगवल्या, हे मलाच सांगता येईना. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 साली अभ्यासाच्या दहा पद्धतींवरील संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात अधोरेखन आणि रंगवणे यांची उपयुक्तता कमी ठरली. मजकुरातून अनुमान काढायचे असेल तेव्हा ही सवय नडूही शकते, असे त्यांनी नोंदवले. स्वतःची चाचणी घेणे आणि अंतराअंतराने अभ्यास करणे या दोन पद्धती वरचढ ठरल्या. मला यात नवल वाटले नाही. रंगवताना आपण ‘हे महत्त्वाचे’ एवढेच म्हणतो. का महत्त्वाचे, ते उद्यावर ढकलतो. रंगाला क्रियापद नसते.

म्हणून एका वर्षी मी वर्गात हायलायटरला बंदी केली. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) मधील उपोद्घाताच्या सुरुवातीच्या, सर्वांना पाठ असलेल्या ओळींची झेरॉक्स वाटली. (ग्रंथालयाच्या पुस्तकावर पेन्सिलही चालवू नये, या मताचा मी आहे.) नियम एकच : खूण केली, तर शेजारी समासात निदान एक शब्द लिहायचा.

आदल्या आठवड्यात याच ओळी सगळ्यांनी सरसकट पिवळ्या केल्या होत्या. आता हात अडखळू लागले. एकीने विद्येपासून मतीकडे, मतीपासून नीतीकडे असे बाण काढले आणि लिहिले, ‘साखळी’. एका ओळीत जे गमावले, त्याच्याच अभावापासून पुढची ओळ सुरू होते, हे तिला बाण काढताना दिसले. दुसऱ्याने शेवटच्या ओळीला चौकट केली : ‘इथे हिशेब’. आधीचे सारे नुकसान तिथे एकट्या अविद्येच्या नावावर मांडले आहे, हे त्याने बरोबर हेरले. मग बाणवालीने खाली आणखी एक ओळ लिहिली : ‘वित्त इतक्या उशिरा का?’

या प्रश्नाने तास खाल्ला. भुकेल्याने आधी शिकायचे कसे, असे एक बाजू म्हणे. अडाण्याच्या हाती पैसा टिकेल का, असे दुसरी. माझ्या टिपणांत या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि प्रश्नही नव्हता.

घंटा झाल्यावर मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, यातल्या ‘गती’चा अर्थ नेमका काय?” कोणालाच पटकन सांगता येईना. तो शब्द सगळ्यांच्याच पुस्तकात पिवळा होता.