ओळख प्रकाशाची : लेखांक ६
पांढऱ्यावर पांढरं

गेल्या आठवड्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची पट्टी केलीत, ती आता हाताशी ठेवा. आजची मांडणी साधी आहे: एक अंडं, एक चिनी मातीचा पांढरा कप आणि खाली चुरगळलेला पांढरा पंचा. रंगीत काहीही नको.

हा सराव जुना आहे. फ्रेंच चित्रकार उद्री शिकत असताना त्याचे गुरू लार्जिलिएर यांनी त्याला फुलं आणायला पाठवलं. तो रंगीबेरंगी गुच्छ घेऊन आला. गुरूंना मात्र सगळी फुलं पांढरीच हवी होती. १७४९ साली पॅरिसच्या अकादमीत दिलेल्या व्याख्यानात उद्रीने हा धडा कृतज्ञतेने सांगितला. पुढे १७५३ मध्ये त्याने ‘पांढरं बदक’ रंगवलं. पिसं, कापड, मेणबत्ती, कागद, मागची भिंत, सगळं पांढरं; तरी एक वस्तू दुसरीत हरवत नाही. मूळ चित्र १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या हॉटन हॉलमधून चोरीला गेलं. छायाचित्र मिळतं, ते जरूर शोधून पाहा.

मांडणीवर प्रकाश एकाच खिडकीचा घ्या, शक्यतो उत्तरेच्या. आपल्याकडे मे-जूनमध्ये उत्तरेच्या खिडकीतूनही थेट ऊन आत येतं. तेव्हा पातळ पडदा ओढा. घरातले दिवे बंदच ठेवा.

आता डोळे किलकिले करून अंडं बघा. त्याची सर्वांत गडद जागा अगदी कडेला नाही, कडेच्या थोडी आत आहे. पंच्यावर पडलेला प्रकाश उसळून अंड्याच्या खालच्या बाजूला लागतो आणि ती कड पुन्हा उजळते. अंडं गोल दिसतं ते या उजळलेल्या कडेमुळे. मात्र हा परतलेला प्रकाश उजेडाच्या बाजूपेक्षा नेहमी मंदच असतो. तो जास्त उजळलात की अंडं पत्र्याचं दिसू लागतं. छटा पट्टीशी ताडून पाहिलीत की कळेल, सावलीतलं ‘पांढरं’ आपल्या समजुतीपेक्षा कितीतरी गडद आहे.

म्हणून ट्यूबमधला निव्वळ पांढरा राखून ठेवा. कपाच्या झिलईवर खिडकीचं इवलंसं प्रतिबिंब चमकतं, तेवढ्यापुरताच तो वापरायचा. अंड्याला तो हक्क नाही. त्याचं कवच चकाकत नाही.

इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात मुलं सावलीसाठी पांढऱ्यात सरसकट काळा मिसळतात. त्याने सावली मळकट होते. आभाळाचा प्रकाश निळसर असल्याने सावल्या किंचित उबदार दिसतात, तेव्हा अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून करडा तयार करा आणि त्याचा कल सिएनाकडे ठेवा.

चित्र पुरं झालं तरी मांडणी मोडू नका. पुढच्या आठवड्यात कपाशेजारी एक लाल कापड ठेवायचं आहे.