चार तासांचा पहारा

१० सप्टेंबर २०१७ रोजी भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या. गोव्यातच बांधलेल्या या नौकेची लांबी अवघी ५६ फूट. २१ मे २०१८ रोजी, २५४ दिवसांनी, त्या परतल्या. वाटेत न्यूझीलंडमधील लिटल्टन ते फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली हा टप्पा पाच आठवड्यांहून अधिक काळ चालला.

भर समुद्रात नांगर टाकण्याजोगा तळ नसतो. रात्र झाली म्हणून नौका थांबत नाही. वारा, शिडे आणि दिशा यांकडे अहोरात्र लक्ष द्यावे लागते. मग खलाशी झोपतात केव्हा?

याचे उत्तर जुन्या खलाशांनी पहाऱ्याच्या रीतीने दिले आहे. चार तास पहारा, चार तास विश्रांती. मात्र दिवसाचे असे सहाच भाग पाडले, तर दोन गटांपैकी एकाच गटाच्या वाट्याला मध्यरात्रीचा पहारा रोज येईल. म्हणून सायंकाळी चार ते आठ या पहाऱ्याचे दोन-दोन तासांचे दोन भाग करतात. एकूण पहारे सात होतात आणि कठीण रात्र आळीपाळीने वाटली जाते.

ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेले आहे, तेथेही रात्र झाली म्हणून काम थांबत नाही. कूस बदलणे, पाणी देणे, औषध देणे चालूच असते. परंतु तेथे मध्यरात्रीचा पहारा बहुधा एकाच व्यक्तीकडे असतो. कधी सुनेकडे, कधी लेकीकडे, तर कधी स्वतः सत्तरी ओलांडलेल्या पत्नीकडे. अनेक रात्रींची अपुरी झोप चिडचिड वाढवते, तोल बिघडवते आणि औषध देताना चूक घडवू शकते. नौकेवर विश्रांतीच्या वेळी झोपणे हा आळस मानला जात नाही. ते कर्तव्यच असते, कारण पुढच्या चार तासांत इतरांचे प्राण त्या व्यक्तीच्या हाती असतात. घरातल्या शुश्रूषा करणाऱ्यानेही हे निःसंकोच मानावे, आणि इतरांनी आठवड्यातील काही रात्री तरी आपल्याकडे घ्याव्यात.

पहारा बदलताना नौकेची दिशा, वेग, वारा आणि हवेचा दाब नोंदवहीत लिहिलेला असतो, त्यामुळे झोपलेल्याला उठवून विचारावे लागत नाही. घरीही उशाशी एक वही असावी: कोणते औषध केव्हा दिले, किती पाणी घेतले, लघवी केव्हा झाली, ताप किती होता.

आणखी एक सवय घेण्याजोगी आहे. डोळ्यांना अंधार सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणून नौकेवर रात्री मंद तांबडा दिवा वापरतात. उतारवयात डोळे अंधाराला आणखी सावकाश सरावतात. पलंगापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा रात्रभर असू द्यावा. डोलणाऱ्या नौकेवरचा नियमही तेथे लागू पडतो: एक हात कामासाठी, दुसरा आधार धरण्यासाठी. भिंतीला पकडदांडा बसवावा, आणि वृद्धांनी चालताना दोन्ही हातांत वस्तू घेऊ नयेत.

अशा लहान नौकेवर नुसता प्रवासी म्हणून सहसा कुणीच नसतो; जो तो आपल्या शक्तीप्रमाणे काही काम करतो. घरातील आजी-आजोबांना उठता येत नसेल. पण लिहिता येत असल्यास ती वही त्यांच्याच हाती द्यावी. घड्याळ पाहून “आता तुझी पाळी संपली, जाऊन नीज,” एवढे सांगणे त्यांना सहज जमेल. सेवा करणाऱ्याला हे शब्द बहुधा दुसरे कुणी सांगत नाही. आणि ज्यांची सेवा होते आहे त्यांच्याच तोंडून ते आले, तर झोपायला जाणाऱ्याच्या मनात अपराधीपण उरत नाही.